चौकाचे नाव आणि घराचे नाव



दरवर्षी ६ डिसेंबरला परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी आपला समाज लाखोंच्या संख्येने दादरच्या चैत्यभूमीवर लोटतो. अभिवादन आटोपले आणि परतीच्या गाडीला अवकाश असला, म्हणजे आपल्यातील पुष्कळ मंडळी मुलाबाळांसह मुंबई पाहावयास निघतात. बोरीबंदरच्या स्थानकातून बाहेर पडून डॉ. दादाभाई नवरोजी मार्गाने दक्षिणेकडे चालू लागले, की बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयाची बुद्ध भवन व आनंद भवन ही वास्तू लागते. तिला हात जोडून पुढे गेले, की रस्ता एका प्रशस्त चौकात येऊन मिळतो. मधोमध पांढऱ्या दगडाचे एक जुने कारंजे आहे. त्याच्याजवळ मशाल उंचावलेले दोन पुरुष उभे आहेत, एक शेतकरी व एक कामगार.

बोट धरून चाललेले मूल विचारते, "बाबा, हा कोणता चौक?" बाप उत्तर देतो, "हा फाउंटन."

या उत्तराविषयीच आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण त्या चौकाचे नाव हुतात्मा चौक असे आहे, आणि ते साठ वर्षांहून अधिक काळ आहे. ज्याने ते सांगितले नाही त्याच्या मनात काही वाईट नव्हते. सारी मुंबई जे म्हणते तेच तो म्हणाला. परंतु ज्या समाजाने आपले स्वतःचे नाव पालटण्यासाठी एवढी किंमत मोजली, त्या समाजाने तरी पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव यांतील अंतराचा विचार करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

किल्ल्याचे दार आणि फुलांची देवता

प्रथम या जागेचा पूर्ववृत्तांत पाहू. मुंबई हे एकेकाळी तटबंदीच्या आत राहणारे शहर होते. त्या तटाला जी दारे होती त्यांपैकी एक या जागी होते. आतल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारे म्हणून ते चर्चगेट. १८६२ साली बार्टल फ्रियर हे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत जुना तट पाडण्यात आला, रस्ते रुंद झाले आणि चर्चगेटचे दार नाहीसे झाले. दार गेले तरी त्याचे नाव मात्र मागे राहिले व पुढे एका रेल्वे स्थानकाला जाऊन चिकटले.

दार जेथे होते तेथे १८६४ साली हे कारंजे उभे राहिले. विलायतेतील वास्तुकार रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी त्याचा आराखडा केला व जेम्स फोर्सिथ यांनी मूर्ती घडविल्या. दगडही विलायतेहून आला. खर्च त्या काळच्या ४७ हजार रुपयांचा. त्यातील २० हजार रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थाने दिले. मूळ बेत हे कारंजे भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभारण्याचा होता व त्याला गव्हर्नर फ्रियर यांचे नाव द्यावयाचे होते. अखेरीस ते येथे आले आणि माथ्यावर उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेवरून त्याला फ्लोरा फाउंटन असे म्हणू लागले.

हा तपशील एवढ्यासाठी सांगितला, की नाव कोण देतो हे आपल्या ध्यानी यावे. ज्याच्या हाती सत्ता व पैसा तो नाव देतो. या चौकात येऊन मिळणाऱ्या रस्त्याला एका गव्हर्नराच्या नावावरून हॉर्नबी रोड म्हणत. मध्ये एका परक्या देशातील देवतेची मूर्ती, जिची मुंबईत कोणी पूजाही करीत नव्हते. तट खणणारे, धोंडे वाहणारे, पाण्याचे नळ पुरणारे हात या देशातल्या कष्टकऱ्यांचे होते, परंतु नाव देताना त्यांना कोणी विचारले नाही. यात नवल वाटण्यासारखे आपल्याला तरी काही नाही. गावाबाहेरच्या आपल्या वस्तीला जे नाव पडले तेही आपल्याला विचारून पडलेले नव्हते.

२१ नोव्हेंबर १९५५

स्वातंत्र्यानंतर भाषावार राज्यांचा प्रश्न पुढे आला. १९५५ च्या अखेरीस राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य होणार नाही हे स्पष्ट झाले. मुंबई कोणाची, हा प्रश्न गिरण्यांच्या दारावर, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि नाक्यानाक्यावर पेटला.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगारांचे जथे विधानसभेकडे निघाले. त्या वेळी विधिमंडळ कुलाब्याच्या बाजूस, या चौकापलीकडे थोड्या अंतरावर भरत असे. फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी मोर्चा अडविला, लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला आणि मग गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १५ माणसे ठार झाली. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला, तेव्हा शहरात पुन्हा आगडोंब उसळला व पुन्हा गोळीबार झाले. या सबंध लढ्यात ज्यांचे प्राण गेले त्यांचा आकडा महाराष्ट्राच्या तोंडी १०५ असा बसला आहे. नंतरची नावे मिळवून तो १०६ वा १०७ असाही सांगतात.

त्या मृतांच्या यादीवरून एकदा डोळे फिरवा. सीताराम बनाजी पवार यांच्यासारखी मराठी नावे तीत आहेतच. पण जोसेफ डेव्हिड पेजरकर हेही नाव आहे, चिमणलाल शेठ हेही आहे, के. जे. झेवियर आणि पी. एस. जॉन हीही आहेत. बंदुकीच्या गोळीने भाषा विचारली नाही, जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. मृतांत मोठा भरणा कष्टकऱ्यांचा होता. ज्या चौकात कालपर्यंत गव्हर्नर व देवता यांचाच मान होता, तेथे प्रथमच साध्या माणसांचे रक्त नावाचे कारण झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य आले, ते साडेतीन वर्षांत मोडले आणि १ मे १९६० रोजी मुंबई राजधानी असलेले महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर फ्लोरा फाउंटनच्या चौकाला हुतात्मा चौक असे नाव मिळाले आणि शेतकरी-कामगारांचे स्मारक उभे राहिले. कारंजे कोणी फोडले नाही, तेही आपल्या जागी राहिले. हे योग्यच झाले. जुना दगड फोडल्याने नवे नाव रुजते असे नाही.

आमचा त्याच्याशी काय संबंध?

आपल्यातील एखादा तरुण येथे विचारील, "हा लढा भाषेचा होता. आम्हां बौद्धांचे त्यात काय होते?" प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की बाबासाहेब या प्रश्नावर कधीही गप्प बसले नव्हते. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी मुंबई महाराष्ट्राचीच आहे ही बाजू मुद्देसूद मांडली. मुंबई वाढविली ती परप्रांतीय भांडवलाने, या म्हणण्याचा त्यांनी तेथे समाचार घेतला. १९५५ च्या अखेरीस भाषिक राज्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी मराठी भाषकांची एक नव्हे तर चार राज्ये सुचविली, व मुंबई हे त्यांपैकी एक, पण महाराष्ट्राचेच, असे नगरराज्य असावे असे म्हटले. हे मत पुढे समितीने घेतलेल्या भूमिकेहून निराळे होते. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचा अनुयायी म्हणविणाऱ्याने त्यांचे मत आहे तसे सांगावे, सोयीचे तेवढेच उचलू नये.

दुसरी गोष्ट अशी, की १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिचा एक घटक पक्ष होता. १९५७ च्या निवडणुकीत कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. सभांना माणसे जमविणारी, मोर्च्यात चालणारी, तुरुंगात जाणारी आपली माणसे होती. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेच्या कारखान्यात आपला समाज किती मोठ्या संख्येने राबत होता हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा हा चौक दुसऱ्या कोणाचा व आपण तेथे पाहुणे, असे समजू नका. आपण त्या नावाचे वारसदार आहात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. भाषेच्या पायावर राज्य उभारले म्हणजे त्या राज्यात संख्येने मोठी असलेली एखादी जात सत्तेवर बसते, आणि विखुरलेल्या लहान समाजांना तिच्या मर्जीवर जगावे लागते. म्हणून राज्य देताना लहानांच्या संरक्षणाची तजवीज हवी, असे त्यांचे म्हणणे होते. हा इशारा खरा होता की खोटा, हे आपण आपल्या तालुक्याच्या अनुभवावरून ठरवावे. जे राज्य १०५ माणसांच्या मरणातून जन्मास आले, त्यात मराठी बोलणाऱ्या माणसावर मराठी बोलणाऱ्या माणसानेच बहिष्कार घालावा, पाणवठा बंद करावा, घर जाळावे, तर चौकाच्या त्या नावाला काय अर्थ उरला? हुतात्म्यांचे ऋण भाषेच्या अभिमानाने फिटत नाही. ते समतेने फिटते.

'हुत' हा शब्द

काही जाणत्या धम्मबंधूंनी आणखी एक शंका काढली आहे. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. हा शब्द यज्ञातला आहे. बुद्धाने यज्ञ नाकारला, आत्माही मानला नाही. मग बौद्धाने हा शब्द उच्चारावा काय?

शंका क्षुल्लक नाही. नवी दीक्षा घेतलेल्या घराने आपल्या तोंडच्या प्रत्येक शब्दाची तपासणी करणे हे चांगलेच लक्षण आहे. परंतु तथागतांनी अशा शब्दांचे काय केले, हे पाहावे. दीघनिकायात कूटदंत नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याने मोठा यज्ञ मांडला होता, शेकडो बैल, वासरे व शेळ्यामेंढ्या बळीसाठी आणून बांधल्या होत्या. यज्ञ कसा करावा, असे तो बुद्धालाच विचारावयास गेला. बुद्धाने त्याला झिडकारले नाही. ज्यात एकही प्राणी मारला जात नाही, ज्यासाठी झाड तोडले जात नाही, ज्यात चाकराला दंडाच्या धाकाने राबविले जात नाही, अशा यज्ञाची गोष्ट त्यांनी सांगितली. मग त्याहूनही श्रेष्ठ म्हणून दान, शरणगमन आणि शील ही सांगितली. कूटदंताने बांधलेली जनावरे सोडून दिली. 'ब्राह्मण' आणि 'आर्य' या शब्दांनाही बुद्धाने असेच नव्याने वळण दिले. जन्माचा अर्थ काढून टाकला व आचरणाचा अर्थ भरला.

तेव्हा शब्दाशी भांडण्यात शक्ती खर्चू नका. हुतात्मा म्हणताना डोळ्यांपुढे यज्ञकुंड आणू नका. दुसऱ्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरला आणि घरी परतला नाही, तो माणूस आणा. मात्र एक लक्षात ठेवा. त्या माणसांना मरावयाचे नव्हते. ती मोर्च्यात गेली ती संध्याकाळी चाळीत परतण्यासाठी. त्यांना मारण्यात आले. त्यांच्या मरणाचा गौरव करताना ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांचा दोष आहुती या सुंदर शब्दाखाली झाकला जाऊ नये, एवढी सावधगिरी बौद्धाने बाळगावी.

नाव म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बौद्ध विचारात नावाला स्थान काय? बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले व त्याच्या परिसराला नागसेनवन म्हटले. ही नावे ज्या पाली ग्रंथातून आली तो मिलिंदप्रश्न. त्याच्या आरंभीच नावाची चर्चा आहे. राजा मिलिंद भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, मला नागसेन म्हणून ओळखतात, पण ती व्यवहाराची केवळ एक खूण आहे, त्या नावाआड नित्य असा कोणी बसलेला नाही. राजा चकित होतो. तेव्हा नागसेन त्याच्या रथाकडे बोट दाखवितो. रथ म्हणजे काय? चाक? आस? धुरा? जू? यांपैकी कोणतेही एक म्हणजे रथ नव्हे. ती सारी आपापल्या जागी जुळली, म्हणजे त्या जुळणीला आपण रथ म्हणतो.

या एका दृष्टांतात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा, की कोणतेही नाव आकाशातून पडलेले नसते. नाव माणसेच देतात. म्हणून माणसे ते बदलू शकतात. ज्या नावाने आपल्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवले तेही कोणी माणसानेच लावलेले होते. हॉर्नबी रोडचा दादाभाई नवरोजी मार्ग झाला, फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी अस्पृश्य बौद्ध झाले. नाव जन्मासवे येत नाही, हे सुत्तनिपातात बुद्धाने वासेट्ठाला सांगितले आणि दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ते आपल्या हातात दिले.

दुसरा धडा कठीण आहे. चाक, आस, धुरा सुटी पडलेली असली तर त्या ढिगाला रथ म्हणून तो चालत नाही. नाव ठरावाने मिळते, पण ते चालते जुळणीने. चौकाच्या बाबतीत पाटी लागली, पण तोंडात फाउंटन राहिले. आपल्या घरांच्या बाबतीत काय झाले आहे?

दोन नावांची घरे

आपल्या समाजात घरांना दोन नावे पडली, याला ऐतिहासिक कारण आहे व ते आपला दोष नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधलेल्या होत्या. १९५६ साली बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या दृष्टीने त्या सवलतींतून बाहेर पडला. महाराष्ट्र राज्याने नवबौद्ध म्हणून राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राचे दार बंदच राहिले. मुलाची शिष्यवृत्ती की धर्माचे नाव, अशी निवड गरीब बापापुढे ठेवली गेली. अनेकांनी घरात पंचशील म्हटले आणि कागदावर जुना धर्म लिहिला. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. भुकेलेल्या माणसाच्या पुढे असा पेच टाकणाऱ्यांना नावे ठेवू. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश केला. म्हणजे हा अन्याय दूर होण्यास दीक्षेनंतर ३४ वर्षे लागली.

आता तो पेच उरलेला नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. तरीसुद्धा भीतीची सवय उरली आहे. जनगणनेचा माणूस दारी येतो, धर्म विचारतो, आणि उत्तर देताना घरातला कर्ता क्षणभर घुटमळतो. १९६१ च्या जनगणनेत भारतात सुमारे ३२.५ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतील जवळजवळ २७.९ लाख एकट्या महाराष्ट्रात. २०११ मध्ये ही संख्या देशात सुमारे ८४.४ लाख व महाराष्ट्रात सुमारे ६५.३ लाख होती. या आकड्यांत आपण सारे आलो आहोत काय? जो घुटमळला तो त्यात आला नाही. जो आकड्यात आला नाही, त्याच्यासाठी हक्क मागताना पुढाऱ्याच्या हाती पुरावा राहत नाही.

सरकारी कागदांत 'नवबौद्ध' असा शब्द अजूनही आढळतो. १९५६ साली दीक्षा घेतलेल्याचा पणतू शाळेत जातो, तो अद्याप 'नव'च! आणि आपण, ज्यांनी अगदी अलीकडे त्रिशरण घेतले, आपणांस तर हा शब्द सहजच लावला जाईल. तेव्हा निक्षून सांगतो. ज्याने समजून उमजून त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तो त्या क्षणापासून बौद्ध आहे. अर्धा नाही, नवा नाही, उमेदवारही नाही.

वस्तीच्या नावाची गोष्टही अशीच आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. निर्णय चांगला आहे. पण तो आपल्या गावात पोहोचला आहे काय? ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, टपालाच्या पत्त्यावर, शिधापत्रिकेवर, मुलाच्या दाखल्यावर कोणते नाव आहे, ते या महिन्यात जाऊन पाहा. आणि आपण स्वतः बाजारात पत्ता सांगताना कोणते नाव घेता, तेही पाहा.

एका नावासाठी आपल्या समाजाने केवढे सोसले, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना हा आग्रह वेडेपणा वाटेल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून, नामविस्तार म्हणून. ठराव आणि पाटी यांच्यामध्ये साडेपंधरा वर्षे गेली. त्यांनाही कोणी हुतात्मे म्हणो वा न म्हणो, त्या विद्यापीठाच्या दारातून शिकावयास जाणाऱ्या मुलाने त्यांना विसरू नये. विरोधकांना कळले होते, की नाव ही साधी बाब नव्हे. ते आपल्यालाही कळले पाहिजे.

मग करावे काय?

बाबासाहेबांकडे पाहा. दीक्षा १९५६ ची, परंतु त्यांची नावे त्याच्या किती तरी आधीपासून बोलत होती. दादरच्या घराला त्यांनी राजगृह म्हटले, जे मगधाच्या राजधानीचे नाव. १९४६ साली महाविद्यालय काढले ते सिद्धार्थ. कारंज्यापासून थोड्या पावलांवर, गव्हर्नरांच्या नावांच्या गर्दीत, त्यांच्या संस्थेने बुद्ध आणि आनंद ही नावे कोरून ठेवली. पण नुसती कोरली नाहीत. त्या नावांखाली वर्ग भरविले. ज्यांच्या बापांनी कधी पाटी धरली नव्हती अशी मुले तेथे पदवीधर झाली. नाव आणि जुळणी एका हाताने कशी करावी, याचा याहून चांगला धडा दुसरा नाही.

म्हणून आपणांस आमचे सांगणे थोडे व साधे आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, मुलांच्या दाखल्यापासून आरंभ करा. वस्तीचे नाव दप्तरी बदलून घ्या व रोजच्या बोलण्यातही तेच वापरा. घरात जुने देव्हारे आणि नवी प्रतिमा शेजारीशेजारी असतील, तर बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा सर्वांनी मिळून मोठ्याने वाचा आणि मग काय ठेवावे, काय उचलावे, हे ठरवा. म्हाताऱ्या आईचे मन दुखवून घाईने काही करू नका, पण तिच्या नावावर आपली कुचराईही खपवू नका. लग्न, बारसे, पुण्यानुमोदन यांत धम्माचा विधी पाळा, म्हणजे मुलांना आपण कोण हे पाटीवरून शोधावे लागणार नाही.

आणि पुढच्या ६ डिसेंबरला त्या चौकात याल, तेव्हा क्षणभर थांबा. मशाल धरलेल्या त्या दोघांकडे मुलाला पाहू द्या. ते गव्हर्नर नाहीत, राजे नाहीत, देवही नाहीत. एक शेतात राबणारा, दुसरा गिरणीत राबणारा. मूल विचारील, "बाबा, हा कोणता चौक?" त्याला पुरे नाव सांगा. येथे कोण मेले, कशासाठी मेले, मारले कोणी, हेही सांगा. त्यांनी मागितलेले राज्य मिळाले, पण त्या राज्यात सर्वांना माणुसकीने जगता यावे, हे काम अजून उरले आहे, तेही सांगा.

मग ते मूल कदाचित दुसरा प्रश्न विचारील, "आणि आपण कोण?" त्या वेळी घुटमळू नका.

जय भीम!